ज्याचा कान उघडला नाही, त्याचं काय?



आज मी एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे, आणि त्याहून जास्त त्या पुस्तकात फारशा न दिसणाऱ्या माणसांबद्दल. पुस्तकाचं नाव 'टेस्टिंग प्रेअर', म्हणजे प्रार्थनेची परीक्षा. लेखिका कँडी गुंथर ब्राउन, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात धर्माभ्यास शिकवणाऱ्या प्राध्यापक. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं ते २०१२ साली काढलं. आजारी माणसावर हात ठेवून ख्रिस्ती लोक जी प्रार्थना करतात, जिला आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये आरोग्यदानाची किंवा चंगाईची प्रार्थना म्हणतात, तिचा परिणाम मोजता येतो का, हा पुस्तकाचा प्रश्न आहे.

हा विषय निघाला की कुठल्याही सभागृहाचे दोन भाग होतात. एक भाग म्हणतो, थोतांड आहे, यावर व्याख्यान कसलं देताय? दुसरा म्हणतो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही काय सांगणार? दोघांनाही माझी विनंती आहे, थोडा वेळ थांबा. कारण माझा प्रश्न या दोघांच्या भांडणाच्या जरा बाजूला आहे. लांबच्या देशातून येऊन, गरीब वस्तीत जाऊन, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणारा जो स्वयंसेवक आहे, त्याच्या कामाचं मूल्यमापन आपण कशावरून करायचं? प्रार्थना लागू पडली की नाही, एवढ्यावरून? मला वाटतं, नाही.

आधी जागा समजून घेऊ. ब्राउन यांच्या पुस्तकातला सगळ्यात गाजलेला भाग मोझांबिकमधला आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा देश. गोव्याहून आज इथे कुणी आलं असेल तर त्यांना तो अगदी परका वाटू नये. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता. १९७५ साली पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळालं आणि बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर देश सोडून गेले. नव्या सरकारनं आरोग्यसेवा सरकारी केली, खेड्यापाड्यांत आरोग्यकेंद्रं उघडली. पण १९७७ पासून यादवी युद्ध पेटलं, ते १९९२ पर्यंत चाललं. त्या युद्धात आरोग्यकेंद्रं आणि शाळा यांच्यावर मुद्दाम हल्ले झाले. त्यातच १९८७ पासून कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अटी आल्या, सरकारी खर्चाला कात्री लागली. म्हणजे दवाखाना आधी उभा राहिला, मग जळला, आणि मग परत बांधायला पैसे नाहीत म्हणून सांगण्यात आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९५ साली हायडी बेकर आणि रोलंड बेकर हे अमेरिकन दांपत्य मोझांबिकमध्ये आलं. राजधानी मापुतोजवळचा एक मोडकळीला आलेला सरकारी अनाथाश्रम त्यांनी चालवायला घेतला. पुढे त्यांच्या संस्थेचं, आयरिसचं, मुख्य काम उत्तरेला काबो डेलगादो प्रांतातल्या पेम्बा शहरात गेलं. तिथे अनाथ मुलांसाठी घरं आहेत, शाळा आहेत, अन्नवाटप आहे. आणि तिथेच एक मिशनरी शाळाही आहे. जगभरातून, त्यातही श्रीमंत देशांतून, तरुण मुलंमुली काही आठवड्यांसाठी इथे येतात, शिकतात आणि आसपासच्या गावांत जातात.

गावातली सभा कशी होते, याची वर्णनं अनेकांनी लिहून ठेवली आहेत. संध्याकाळी ट्रक येतो. जनरेटर, पडदा, स्पीकर उतरवतात. पडद्यावर येशूच्या जीवनावरचा सिनेमा दाखवतात. मग प्रवचन होतं. मग सांगतात, बहिऱ्यांना पुढे आणा, आंधळ्यांना पुढे आणा. पाहुणे आणि स्थानिक पाळक त्यांच्यावर हात ठेवतात, प्रार्थना करतात, मधेच थांबून विचारतात: ऐकू आलं? किती बोटं? "नाही" म्हटलं की पुन्हा प्रार्थना. "हो" म्हटलं की टाळ्या, गाणी.

आता ब्राउन यांनी काय केलं? त्या आणि त्यांचे सहकारी यंत्रं घेऊन तिथे गेले. ऐकू किती येतं हे मोजणारं यंत्र, ऑडिओमीटर, आणि चष्म्याच्या दुकानात असतो तसला अक्षरांचा तक्ता. प्रार्थनेच्या आधी मोजायचं, प्रार्थना झाली की लगेच पुन्हा मोजायचं. एकूण २४ जण. त्याचा निबंध सप्टेंबर २०१० मध्ये 'सदर्न मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निष्कर्ष असा की ऐकणं आणि दिसणं, दोन्हींत सरासरी सुधारणा झाली, आणि ती संख्याशास्त्राच्या हिशेबात केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी लहान नव्हती. दोघांची ऐकण्याची पातळी तर ५० डेसिबलनं सुधारली. म्हणजे किती? आपण समोरासमोर साधं बोलतो ते साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. तेव्हा ५० डेसिबलचा फरक म्हणजे कानाशी ओरडलेलंही न कळणं आणि साधं बोलणं कळणं, एवढं अंतर. तिघांची दृष्टी २०/४०० किंवा त्याहून वाईट होती, ती २०/८० किंवा त्याहून बरी झाली. आपल्याकडे ६/६ म्हणायची पद्धत आहे, त्या मापात ६/१२० वरून ६/२४.

हे आकडे ऐकून कुणी हुरळून जाईल, कुणी हसेल. दोन्ही घाई आहे. आपण आधी टीकाकाराचं काम नीट करू.

पहिली गोष्ट, तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्यांच्यावर प्रार्थना झाली नाही, नुसतं कुणी शेजारी बसून बोललं, अशांची मोजणी झाली नाही. दुसरी गोष्ट, ऑडिओमीटरची चाचणी ही शिकायची गोष्ट आहे. आवाज आला की खूण करायची, बारीक आला तरी करायची, हे आयुष्यात पहिल्यांदा कानावर यंत्र लावलेल्या माणसाला पहिल्या फेरीत कळतंच असं नाही. दुसऱ्या फेरीत तो आपसूक बरं करतो. तिसरी गोष्ट, उघड्यावरची सभा. आजूबाजूचा गोंगाट पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीच्या वेळी सारखाच असेल याची खात्री देणं अवघड. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावकरी मकुवा बोलतात, सरकारी भाषा पोर्तुगीज, पाहुण्यांची इंग्रजी. मधे दुभाषी. लांबून आलेला पाहुणा तुमच्या डोक्यावर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणून विचारतोय, "बरं वाटलं का?" अख्खं गाव बघतंय. आपल्याकडच्या खेड्यात कुणी "नाही" म्हणेल का? भिडेला भाषांतर लागत नाही.

ब्राउन यांना यातलं बरंच ठाऊक आहे. त्या भाबड्या नाहीत. अलौकिक काही घडलं असं त्या म्हणत नाहीत. मोजता येण्याजोगा फरक पडला, त्याचं कारण शोधायला हवं, एवढंच म्हणतात. आधीच्या संशोधनावर त्यांचा जो आक्षेप आहे, तोही मला पटतो. २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर प्रार्थनेचा मोठा प्रयोग केला होता. प्रार्थना करणारे दूर होते, रुग्णाशी ओळख नाही, हातात फक्त नाव. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात फरक दिसला नाही: गुंतागुंत ५२ टक्के आणि ५१ टक्के. गंमत तिसऱ्या गटाची. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. संशोधकांनी स्वतःच सांगितलं की हा योगायोगही असू शकतो. यावर ब्राउन म्हणतात की असली प्रार्थना खऱ्या आयुष्यात कुणी करतच नाही. लोक जवळ जाऊन, हात धरून, नाव घेऊन प्रार्थना करतात. मोजायचीच तर ती मोजा. बरोबर आहे.

मग माझी तक्रार काय? माझी तक्रार घड्याळाबद्दल आहे.

मोजणी प्रार्थनेच्या आधी आणि प्रार्थना संपल्यावर लगेच. त्या माणसाला आठवड्यानं, महिन्यानं, पुढच्या पावसाळ्यात किती ऐकू येत होतं, हे त्या निबंधातून कळत नाही. पुस्तकात दीर्घकाळच्या परिणामांवर वेगळं प्रकरण आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तिथे भर आहे तो बरं झाल्याचा अनुभव आलेली माणसं पुढे इतरांसाठी कशी प्रार्थना करू लागतात, हे जाळं देशोदेशी कसं पसरतं, यावर. म्हणजे अनुभव कसा टिकला आणि पसरला हे कळतं. कान टिकला का, हे कळत नाही.

आणि दुसरं. सरासरी ही मोठी सोयीची वस्तू आहे. सरासरीत ज्याला काहीच झालं नाही तो माणूस विरघळून जातो. सगळेच बरे होतात असा दावा ही प्रार्थना करणारी मंडळी स्वतःही करत नाहीत. म्हणजे प्रत्येक सभेत असा कुणीतरी असतोच, ज्याला पुढे आणलं, ज्याच्यावर हात ठेवले, ज्याला तीनदा-चारदा विचारलं, आणि जो तसाच परत गेला. शास्त्रज्ञाच्या तक्त्यात तो सरासरीत गेला. स्वयंसेवकाच्या साक्षीत तर तो येणारच नाही, कारण साक्ष बरं झालेल्याचीच सांगतात. मग त्याचा हिशेब कोण ठेवतं?

आता तुम्ही म्हणाल, जाऊ द्या हो, ते लोक अडाणी, गरीब. म्हणून जातात असल्या सभांना. इथे मला आपल्या पहिल्या गटाला, थोतांड म्हणणाऱ्यांना, थांबवायचं आहे.

जेम्स फायफर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं मध्य मोझांबिकमधल्या शिमोयो शहरात हाच प्रश्न अभ्यासला. त्याचा लेख २००२ सालचा. गरीब लोक, त्यातही बायका, परंपरागत वैदू-देवऋषी सोडून बरं करणाऱ्या चर्चकडे का वळतात? त्याचं उत्तर श्रद्धेपाशी सुरू होत नाही, पैशापाशी होतं. युद्धानंतरच्या बाजारी अर्थव्यवस्थेत विषमता वाढली. देवऋषी भरमसाट पैसे मागू लागले, आणि त्यांच्याकडे जाणं म्हणजे शेजाऱ्यानं करणी केली असा संशय, म्हणजे आणखी भांडण. चर्च फुकट प्रार्थना करतं, कुणावर सूड उगवायला सांगत नाही, आणि नवरा बेकार असताना चार बायका घरी येऊन मूल सांभाळतात. यात अडाणीपणा कुठे आहे? हा तर चोख व्यवहार आहे. आपल्याकडची कुठलीही मोलकरीण हा हिशेब तुम्हाला एका मिनिटात समजावून सांगेल.

याच फायफरनं २००३ साली आणखी एक लेख लिहिला, परदेशी मदतसंस्थांवर. त्यात प्रार्थना नाही, धर्म नाही. सगळे आरोग्याचे प्रकल्प. तरी चित्र काय? संस्था आल्या, प्रत्येकीची गाडी वेगळी, प्रकल्प वेगळा, अहवाल वेगळा. जास्त पगार देऊन त्यांनी सरकारी आरोग्यसेवेतलीच माणसं आपल्याकडे ओढली. सरकारी सेवा आणखी विस्कटली. तेव्हा पाहुणा आला, कामाला लागला आणि मागे पोकळी सोडून गेला, हा दोष काही प्रार्थनेचा खास दोष नाही. स्टेथोस्कोप गळ्यात घालूनही तो करता येतो.

दुसरं पुस्तक सांगतो, देवका प्रेमवर्धन यांचं 'फेथ इन फ्लक्स', २०१८ सालचं. ते उत्तर मोझांबिकमधल्याच मकुवा लोकांबद्दल आहे, नियासा प्रांतातल्या खेड्यांतलं. जगभर बोलबाला असा की पेंटेकॉस्टल पंथ आफ्रिकेत वणव्यासारखा पसरतोय. प्रेमवर्धन गावात राहिले आणि त्यांना दिसलं की लोक चर्चमध्ये येतात तसे निघूनही जातात, पुन्हा येतात. आज प्रार्थनेला, उद्या पूर्वजांच्या विधीला, परवा दवाखान्यात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही. स्थलांतर करत जगलेल्या समाजाला एका जागी रुतून बसणं हेच धोक्याचं वाटतं. आता हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडेही डॉक्टरची गोळी, गावच्या देवाला नवस आणि दर्ग्याचा धागा एकाच घरात सुखानं नांदतात.

या दोन अभ्यासांमधून मला जे दिसतं ते असं. गरीब आजाऱ्याच्या पुढे पाच-सहा वाटा असतात, सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. तो प्रत्येकीवर थोडं थोडं चालतो. कुठली वाट कधी बंद होईल याचा भरवसा नाही, म्हणून एकही सोडत नाही. हे त्याचं शहाणपण आहे. प्रार्थना करणारा पाहुणा त्याच्या आयुष्यात आणखी एक वाट म्हणून आला, तर नुकसान नाही. फायदाही आहे: ज्या बहिऱ्याला घरचे हाक मारणंच सोडून देतात, त्याला अख्ख्या गावासमोर बोलावून कुणी त्याचं नाव विचारतं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तास तास थांबतं. ही लहान गोष्ट नाही, आणि तिला ऑडिओमीटर लागत नाही.

नुकसान कधी होतं? पाहुणा बाकीच्या वाटा बंद करतो तेव्हा. "आता गोळी कशाला, देवानं बरं केलंय." क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णाला हे वाक्य ऐकवणं म्हणजे काय, हे सांगायला नको; क्षयाचं औषध मधेच सोडलं तर रोग परत येतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. आणि नुकसान आणखी एका वेळी होतं. प्रार्थना लागू पडली नाही की कारण शोधलं जातं. देवाला दोष देता येत नाही, पाहुण्याला देणं असभ्य. मग उरतो तो आजारी. तुझी श्रद्धा कमी पडली. तुझ्या मनात काही पाप राहिलं असेल. म्हणजे तो बहिरा म्हणून आला आणि बहिरा व पापी म्हणून घरी गेला. पाहुणा काही आठवड्यांनी विमानात बसतो. हा ठपका गावात राहतो.

इथे ख्रिस्ती परंपरेच्याच आतून काही सांगता येतं. योहानाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याची गोष्ट आहे. काठावर कितीतरी आजारी पडलेले आहेत. त्यातला एक जण ३८ वर्षांपासून आजारी. त्याची तक्रार लक्षात घ्या. औषध नाही, देव ऐकत नाही, असं तो म्हणत नाही. पाणी हलतं तेव्हा आपल्याला तळ्यात उतरवायला कुणी माणूस नाही, असं तो म्हणतो. येशू त्याला बरं करतो. बाकीचे तिथेच राहतात, शुभवर्तमान ते लपवत नाही. आणि पौल? करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की त्याच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. पौलाची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणेल का? ज्या धर्मग्रंथात बरे न झालेले इतक्या सन्मानानं आले आहेत, त्याच्या नावानं बरं न झालेल्याला दोषी ठरवणं हे त्या ग्रंथाचंही वाईट वाचन आहे.

आता मोझांबिकवरून मी तुम्हाला थोडा वेळ पुणे जिल्ह्यात आणतो. ओढूनताणून आणत नाही, संबंध खरा आहे. हात ठेवून, अन्य भाषांत बोलत, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यानं प्रार्थना करायची ही जी जगभरची लाट आहे, तिची सुरुवात सांगताना लॉस एंजेलिसमधल्या १९०६ सालच्या अझुसा स्ट्रीटचं नाव घेतलं जातं. पण अभ्यासक आता दौंड तालुक्यातल्या केडगावचंही नाव घेतात. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशीच जागृती त्याच्या आधी, १९०५ मध्ये झाली होती. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्परायसो शहरात पोचली आणि तिथली पेंटेकॉस्टल चळवळ १९०९ च्या सुमारास उभी राहण्यात तिचा हात होता. म्हणजे या नदीचा एक उगम आपल्या अंगणात आहे.

केडगावात काय होतं? १८९६-९७ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळात वाचवून आणलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका. प्रार्थना होती, रडणं होतं, अंग थरथरणं होतं. त्या काळच्या शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडावीत असं सगळं होतं. पण त्याच आवारात शेत होतं, शाळा होती, छापखाना होता, आणि खिळे जुळवायला मुली शिकत होत्या. प्रार्थना करणारी आणि जिच्यासाठी प्रार्थना करायची ती, दोघी सकाळी एकाच विहिरीवर पाणी भरत. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या त्या तिथेच. जिचं दुःख प्रार्थनेनं हटलं नाही, ती मुलगी दुसऱ्या दिवशीही त्यांच्या नजरेसमोर होती. मला वाटतं, हा फरक फार मोठा आहे. रमाबाईंच्या ईश्वरशास्त्राशी तुमचं जमो न जमो, न बरं झालेल्यापासून पळून जायची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

पेम्बाबद्दलही न्यायानं बोलायला हवं. तिथे राहणारी माणसं आहेत. काबो डेलगादोत ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी सुरू झाली, गावं जळाली, लाखो लोक विस्थापित झाले, त्यातले कितीतरी पेम्बात आश्रयाला आले. एप्रिल २०१९ मध्ये केनेथ चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं. अशा वेळी जो स्थानिक पाळक, जी स्थानिक शिक्षिका तिथे राहिली, त्यांनी प्रार्थनाही केली असेल आणि भाताची पोतीही उचलली असतील. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं बोलणं आहे ते काही आठवड्यांच्या पाहुण्याबद्दल, आणि त्याच्या मोजपट्टीनं जग मोजणाऱ्या पुस्तकाबद्दल. ब्राउन यांच्या निबंधात प्रार्थना करणारे पाश्चात्त्यही होते आणि मोझांबिकीही. पण दोघांत हा जो फरक आहे, एक जाणार आणि एक राहणार, तो मोजायचा असतो असं कुणाच्या मनात आलं नाही.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ थोडा आहे, दोन घेतो.

एक चिठ्ठी म्हणते: "तुम्ही फार मऊ बोलताय. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी जीव दिला. मग प्रार्थनेला वेगळा न्याय का?" चांगला प्रश्न आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉक्टरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी तो कायदा आला. पण कायदा काय म्हणतो ते बघा. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये प्रार्थना करणं हा गुन्हा नाही. म्हणजे कायद्याची रेघसुद्धा तिथेच आहे जिथे मी ती ओढतोय: दुसरी वाट अडवलीत का? हा न्याय चर्चला तोच, देवऋषीला तोच, बाबालाही तोच. मी मऊ बोलत नाही. रेघ बरोबर जागी असली की आवाज चढवावा लागत नाही.

दुसरी चिठ्ठी, अक्षर तरुण माणसाचं दिसतंय: "आमच्या मंडळीतून मुलं अशा सेवेला जातात. मीही जाणार आहे. जाऊ नये असं तुमचं म्हणणं आहे का?"

नाही, जा. पण जाण्याआधी चार गोष्टी ठरवून जा. जिथे जाणार तिथली भाषा थोडी तरी शिका. निदान "दुखतं का" आणि "नाही म्हटलंस तरी चालेल" ही दोन वाक्यं त्यांच्या भाषेत यायला हवीत. जवळचा दवाखाना कुठे आहे, तो कोणत्या दिवशी उघडा असतो, तिथे जायला किती भाडं लागतं, हे माहीत करून घ्या. औषध बंद कर, असं कुणालाही, कधीही सांगू नका. तुमच्या पुढाऱ्यानं सांगायला सांगितलं तरी नाही. आणि एक वही ठेवा. बरं झाल्याच्या साक्षी लिहायला हजार जण आहेत. तुमच्या वहीत फक्त बरे न झालेल्यांची नावं लिहा. दुसऱ्या दिवशी ट्रक पुढच्या गावाला निघण्याआधी ती वही घेऊन त्यांच्या दारात जा. आंधळ्या आजीचा मोतीबिंदू असेल, त्याची शस्त्रक्रिया होते. पोराचा कान वाहत असेल, त्याला औषध आहे. काहींना काहीच नसेल. त्यांच्यापाशी नुसतं बसा. निघताना ती वही तिथल्या पाळकाकडे द्या, कारण तो राहणार आहे.

त्या वहीतलं एखादं नाव घेऊन तुम्ही घरी परतलात आणि आपल्या मंडळीत उभं राहून म्हणालात, "या माणसासाठी आम्ही प्रार्थना केली, त्याला ऐकू आलं नाही, त्याच्या दवाखान्याच्या भाड्याचं काय करायचं ते आता ठरवू या", तर ती साक्ष मला ऐकायला आवडेल. ब्राउन यांच्या पुस्तकात अशी साक्ष मला सापडली नाही. पुढचं पुस्तक कुणी लिहिलं, तर त्यानं तिथून सुरुवात करावी.